कला म्हणजे ईएमआय नव्हे

चार-पाच वर्षांनी कुणी पुन्हा पेन्सिल हातात घेतली, पेटीवरची धूळ पुसली किंवा अर्धवट राहिलेली कवितांची वही उघडली, की आजूबाजूचे लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "एवढं छान करायचास, सोडलंस कशाला?" दुसरा, "आता रोज करणार ना?" पहिल्या प्रश्नात मागची थकबाकी असते आणि दुसऱ्यात पुढचे हप्ते. विचारणारे प्रेमानंच विचारतात. पण ऐकणाऱ्याला वसुलीचा फोन आल्यासारखं वाटतं.

माझं म्हणणं असं आहे, की खंड पडल्यावर कलेकडे परतणाऱ्या माणसाला आपण कर्जबुडव्यासारखं वागवतो. तोही स्वतःला तसंच वागवतो. आणि म्हणूनच परतलेल्यांपैकी कितीतरी जण पंधरा दिवसांत पुन्हा सोडून देतात.

हे दुसऱ्यांदा सोडणं जास्त वाईट असतं. पहिल्यांदा सोडताना कारणं असतात. दहावी असते, सीईटी असते, नोकरी असते, घरातलं आजारपण असतं. 'परिस्थितीच तशी होती' असं म्हणता येतं आणि ते खरंही असतं. दुसऱ्यांदा सोडताना मात्र माणूस स्वतःविरुद्ध निकाल देतो. 'आपल्यात ते नव्हतंच.' या निकालावर अपील होत नाही. तिशीच्या आत हा निकाल स्वतःला सुनावून बसलेली किती मुलं-मुली तुमच्या ओळखीत आहेत, जरा मोजून बघा. म्हणून हा विषय 'छंद जोपासा' छापाचा नाही. एखाद्या माणसाला आयुष्यभर चित्र काढता येईल की नाही, हे त्या पंधरा दिवसांत ठरतं.

हा हिशेबीपणा आपल्यात आला कुठून? महाराष्ट्रात शाळेत गेलेल्यांना याचं उत्तर पाठ आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या या दोन ग्रेड परीक्षांनी लाखो मुलांच्या हातात ब्रश दिला, हे आधी मान्य करतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे शब्द ज्या घरांत कुणी कधी उच्चारले नव्हते, तिथे ते या परीक्षांमुळे पोचले. चित्रकलेच्या सरांना शाळेत थोडा मान मिळाला तोही यांच्यामुळेच. पण इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात आणि सगळं गणित तिथे फिरतं. घरात चित्रकलेचा क्लास मंजूर होतो तो त्या गुणांसाठी. ग्रेड मिळाली, प्रमाणपत्राची झेरॉक्स शाळेत जमा झाली, की चित्रकलेचं काम संपलं. रंगाची पेटी माळ्यावर. म्हणजे शासन ज्या वर्षी चित्रकलेचे गुण देतं, नेमकं त्याच वर्षी घर चित्रकला बंद करतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात त्या एकाच व्यवहाराचे दोन भाग आहेत. माल दिला, पैसे मिळाले, दुकान बंद.

अशा रीतीनं शिकलेला माणूस पंचविशीत परत येतो तेव्हा त्याच्याकडे कलेची एकच कल्पना असते. काहीतरी मोजून मिळवायचं. आता गुण देणारी परीक्षा नसते. मग तो मोजायला दुसरं काहीतरी शोधतो आणि त्याला सापडते ती स्ट्रीक. तीस दिवस तीस स्केचेस. शंभर दिवस शंभर कविता. रोज पाच वाजता उठून सूर. फोनमध्ये एक चौकोनांचं कॅलेंडर आणि रोज एक चौकोन हिरवा.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे या चौकोनांबद्दल माझ्या धंद्याच्या बाजूनं थोडं सांगतो. स्ट्रीक हे शिकण्याचं साधन म्हणून जन्माला आलेलं नाही. ॲप बनवणाऱ्या कंपनीत एक आकडा सतत समोर असतो, रोज किती लोक ॲप उघडतात. तो आकडा पडू नये म्हणून जे उपाय करतात, त्यांतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे स्ट्रीक. माणसाला काही मिळवण्याच्या आनंदापेक्षा हातातलं जाण्याची भीती जास्त हलवते, एवढ्याच गोष्टीवर ती चालते. ड्युओलिंगोवर तर 'स्ट्रीक फ्रीझ' असतं. ॲपमधली रत्नं खर्चून एक दिवस चुकवायची मुभा विकत घ्यायची. तुमचं फ्रेंच किंवा स्पॅनिश सुधारलं का, याचा त्या खरेदीशी काही संबंध नाही. आलात एवढंच तिथे नोंदलं जातं.

आमच्याच क्षेत्रातलं एक उदाहरण बोलकं आहे. प्रोग्रामर लोक आपला कोड गिटहबवर ठेवतात. तिथे प्रोफाइलवर पूर्वी सलग किती दिवस काम केलं याचा आकडा दिसायचा. 2016 मध्ये गिटहबनं तो आकडा काढून टाकला. पुढे संशोधकांनी आधीचा आणि नंतरचा डेटा तपासला, तेव्हा दिसलं की आकडा गेल्यावर शनिवार-रविवारचं काम कमी झालं आणि लांबलचक मालिका लोकांनी सोडून दिल्या. म्हणजे कितीतरी लोक सुट्टीच्या दिवशी कोडसाठी नाही, आकड्यासाठी बसत होते. आकडा गेला, तेही उठले.

चित्रकारांच्या जगात इंकटोबरचं असंच झालं. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकारानं 2009 मध्ये स्वतःचं शाईकाम सुधारावं म्हणून ऑक्टोबरभर रोज एक चित्र काढायचं ठरवलं. पुढे ते जगभर पसरलं. पार्करनं त्यात सवलतही ठेवली होती. रोज जमत नसेल तर दिवसाआड काढा, तेही जमत नसेल तर आठवड्याला एक काढा. ही सवलत किती जणांना माहीत आहे? लोकांनी फक्त एकतीसचा आकडा उचलला. सात ऑक्टोबरला ज्याचं चित्र राहिलं तो आठ ऑक्टोबरला 'मी हरलो' म्हणून बाजूला झाला. ज्याच्याशी तो हरला असं मानतो, त्या माणसानंच त्याला सूट दिली होती.

आता आमच्या भागाबद्दल बोलतो, कारण मोजणीचा अर्थ इथे जास्त स्पष्ट दिसतो. सोलापुरातली भवानी पेठ आणि तिच्या आसपासचा पूर्व भाग हा हातांचा भाग आहे. घराघरांत तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबं, यंत्रमागांची खडखड, चादरी आणि टॉवेल. दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. या भागात हाताची हालचाल मोजली जाते. विडीची मजुरी हजारावर ठरते. हजार झाल्या तर हजाराचे पैसे, आणि त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढलेल्या वजा. मागावर किती माल निघाला त्यावर आठवड्याचा हिशेब. बोटांमध्ये कमालीचं कसब आहे. पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, टोक मुडपणं हे सगळं न बघता, गप्पा मारत, काही सेकंदांत होतं. पण त्या कसबाला कुणी कला म्हणत नाही आणि करणारीलाही ते मोकळेपणानं करता येत नाही, कारण प्रत्येक हालचालीला आकडा बांधलेला आहे.

अशा घरांतली पुढची पिढी आज पुण्यात, हैदराबादला, बंगळुरूला लॅपटॉपसमोर बसते. तिथेही तेच. किती तिकिटं बंद केली, किती तास लॉग केले, स्प्रिंटमध्ये किती पॉइंट झाले. आईचे हात हजारावर मोजले गेले, मुलाची बोटं पॉइंटवर मोजली जातात. दिवसभर मोजलं गेलेलं हे माणूस रात्री दहाला एक वही उघडतं. दिवसातली एकच जागा, जिथे कुणी मुकादम नाही. आणि तिथे आपण त्याला सांगतो, 'रोजचं टार्गेट ठेव.' मला याचा राग येतो. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या आकड्यांवर हात झिजवले, त्या घरातल्या मुलाला चित्र काढायलाही मस्टर लागावं?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "शिस्तीशिवाय काही होत नाही. रियाज म्हणजे काय मग?" उत्तर गंभीर आहे, टाळून चालणार नाही. हिंदुस्थानी संगीतात रोजच्या रियाजाला पर्याय नाही, हे मान्यच. पण रियाज आणि स्ट्रीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रियाज विचारतो, 'षड्ज लागला का?' स्ट्रीक विचारते, 'आज बसलास का?' रियाजात एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी आवाज सांगतो, थोडं जड जाईल, खालच्या सप्तकापासून सुरू कर. स्ट्रीकमध्ये एक दिवस चुकला तर तिनशे दिवसांचं एका रात्रीत शून्य होतं. कुठल्याही गवयाला विचारा, एका दिवसाच्या खंडानं तिनशे दिवसांचा रियाज शून्य होतो का? शून्य होतो तो फक्त आकडा. नियमितपणा मला हवाच आहे. पण नियमितपणा हा कामात गोडी लागल्याचा परिणाम असतो. आपण त्याला प्रवेश परीक्षा करून टाकलंय.

खंडानंतर नेमकं काय होतं, हेही नीट पाहू. लोकांना वाटतं, हात विसरला. खरी अडचण वेगळी असते.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्ये स्मृतीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे, काही काळ जाऊ द्यायचा आणि ते पुन्हा पाठ करायला किती वेळ लागतो ते मोजायचं, असे प्रयोग त्यानं स्वतःवरच केले. विसरण्याचा त्याचा आलेख प्रसिद्ध आहे, शाळा-कॉलेजात तोच दाखवतात. पण त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. काही आठवत नाही असं वाटत असतानाही, तीच गोष्ट पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. या वाचलेल्या वेळाला त्यानं बचत म्हटलं. आपण कोरे झालो असं वाटतं तेव्हाही खात्यात शिल्लक असते. ही झाली शब्दांची गोष्ट. हाताच्या सवयी तर याहून चिवट असतात, दहा वर्षांनी सायकलवर बसलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

मग पहिलं चित्र एवढं वाईट का दिसतं? कारण मधल्या काळात हात थांबला होता, नजर थांबली नव्हती. तुम्ही पाच वर्षं सिनेमे पाहिले, इन्स्टाग्रामवर जगभरच्या चित्रकारांचं काम पाहिलं, चार पुस्तकं वाचली, माणसं पाहिली. चांगलं काय हे तुम्हाला आता नववीपेक्षा कितीतरी जास्त कळतं. नववीतल्या हातानं काढलेलं चित्र तुम्ही सत्ताविशीतल्या नजरेनं तपासता आणि म्हणता, 'गेलं सगळं.' गेलेलं फारसं काही नसतं. उलट काहीतरी आलेलं असतं आणि तेच टोचत असतं. ही टोचणी म्हणजे खंडात झालेली वाढ आहे. पण ज्यानं आधीच स्वतःला थकबाकीदार ठरवलंय, त्याला ती शिक्षा वाटते. तो पेन्सिल ठेवून देतो.

मग खंड पडला तरी लोक सहज परत येतात, असं कुठे होतं का? होतं, आणि त्यासाठी लांब जावं लागत नाही. गणपतीच्या आधीचे काही आठवडे सोलापुरात संध्याकाळी फिरा. हलगी वाजत असते आणि लेझीमचा सराव चालू असतो. त्यातल्या बऱ्याच जणांनी गेल्या विसर्जनानंतर लेझीम हातात धरलेली नसते. वर्षभर कुणी मागावर, कुणी रिक्षावर, कुणी दुकानात, कुणी कंपनीत. पहिल्या संध्याकाळी पावलं चुकतात. हसतात, एकमेकांना ढकलतात. जुना माणूस पुढे उभा राहतो, नवी पोरं त्याच्याकडे बघून मागे करतात. काही दिवसांत रांग जमते. मधल्या महिन्यांचा हिशेब तिथे कुणी मागत नाही. 'गेल्या वर्षी काय छान खेळायचास, सोडलंस कशाला,' असं म्हटलं तर समोरचा वेड्यासारखा बघेल. सोडलं कुठे होतं? गणपती आले, आलो.

लेझीम एकटी नाही. आपल्याकडच्या कितीतरी कला ऋतूंप्रमाणे चालत आल्या आहेत. तमाशाचे फड दसऱ्यानंतर बाहेर पडतात आणि पावसाळ्यात थांबतात. कोकणात दशावताराचे प्रयोग पाऊस सरल्यावर, जत्रांबरोबर सुरू होतात. भोंडल्याची गाणी आश्विनात निघतात आणि वर्षभर कुणी त्यांचा सराव करत नाही, तरी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. या सगळ्यांत खंड ठरलेला आहे. पीकपाणी, पाऊस, मजुरी यांच्यामध्ये जेवढी जागा मिळाली तेवढ्यात कला बसवली गेली. ती टिकली याचं कारण कुणाची स्ट्रीक नव्हती. परत येण्याची वेळ ठरलेली होती, परत येणारा एकटा नव्हता आणि पहिल्या दिवशीच्या चुकांना तिथे जागा होती. रोज करणाऱ्यालाच कलावंत म्हणायचं, ही कल्पना आपण अलीकडे फोनबरोबर घेतली आहे. ती आपली परंपरा आहे असं कुणी सांगू नये.

व्यावसायिक कलावंतांचं काय, असं विचाराल. तर कुमार गंधर्वांचं उदाहरण घ्या. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले शिवपुत्र कोमकली लहानपणीच मैफली गाजवणारे गवई झाले. पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकले. ऐन विशीत क्षयानं गाठलं. 1948 च्या सुरुवातीला ते हवापालटासाठी देवासला गेले आणि पुढची काही वर्षं डॉक्टरांनी गाणं बंद ठेवायला लावलं. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. 1950 च्या दशकात ते पुन्हा गायला लागले तेव्हा श्वास पूर्वीचा नव्हता. लहान, तुटक, झेप घेणारे स्वरसमूह ही त्यांच्या गाण्याची ओळख पुढे झाली. अंथरुणावर असताना कानावर पडलेली माळव्याची लोकगीतं गाण्यात आली, त्यांतून नवे राग आले, निर्गुणी भजनं आली. 1965 मध्ये त्यांचा 'अनूपरागविलास' प्रसिद्ध झाला.

ही गोष्ट सांगताना लोक नेहमी एक चूक करतात. म्हणतात, बघा, आजारपणाचंही सोनं केलं. माझा या वाक्यावर आक्षेप आहे. क्षय ही साधना नव्हती, तो क्षय होता. त्या काळात त्यानं माणसं मरत होती. खंडालाही 'प्रॉडक्टिव्ह' ठरवायची ही घाई म्हणजे तोच जुना हिशेब, फक्त उलट्या बाजूनं मांडलेला. आपल्यापैकी बहुतेकांनी खंडाच्या काळात लोकगीतं ऐकली नाहीत. आपण रात्रीच्या सपोर्टच्या शिफ्ट केल्या, घराचे हप्ते भरले, कुणाला तरी दवाखान्यात नेलं, उरलेल्या वेळात झोपलो. त्यातून काही 'उगवलं' पाहिजे अशी सक्ती नाही. खंड हा नुसता खंड असू शकतो. त्याचा खुलासा कुणाला द्यायचा नाही, स्वतःलाही नाही.

कुमारांकडून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. ते जिथे थांबले होते तिथे परत गेले नाहीत. तिथे जाताच आलं नसतं, ते शरीर उरलं नव्हतं. त्यांनी आत्ताच्या श्वासात काय गाता येईल ते शोधलं. ते थोर होते, आपण नाही, हे खरंच. पण थोरवी गळ्यात होती. 'आज जेवढा श्वास आहे तेवढ्यात गायचं' हा निर्णय घ्यायला थोर असावं लागत नाही.

आणखी एक नाव, कारण ते नोकरदारांच्या जवळचं आहे. अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह, 'अरुण कोलटकरच्या कविता', 1977 मध्ये आला. नंतरचे मराठी संग्रह थेट 2003 पासून आले, 'चिरीमिरी', 'भिजकी वही', 'द्रोण'. मध्ये पंचवीसहून जास्त वर्षं. ते जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले ग्राफिक डिझायनर होते, लिहीत होते, छापत नव्हते. आजच्या भाषेत सांगायचं तर पंचवीस वर्षं पोस्ट नाही. कुठलाही अल्गोरिदम एवढ्यात त्यांना विसरून गेला असता. 'भिजकी वही'ला 2005 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा ते हयात नव्हते. बाहेरून जो खंड दिसतो तो कित्येकदा फक्त न दाखवण्याचा काळ असतो. परतणाऱ्याला हे माहीत असावं, की दाखवलं नाही म्हणून केलेलं खोटं ठरत नाही.

मग परतायचं कसं? उपदेशाचे कागद आधीच खूप आहेत, म्हणून मला खरोखर पटलेलं तेवढंच सांगतो.

जिथे सोडलं होतं तिथून सुरू करू नका. जुनी चित्रं, जुनी रेकॉर्डिंग सुरुवातीला काढूच नका. जलरंग करत असाल तर बॉलपेन घ्या. ख्याल गात असाल तर एखादं साधं भजन घ्या. गझल लिहीत असाल तर चार ओळींचं काहीही लिहा. साधन बदललं की तुलना करायला जुना माणूस समोर राहत नाही.

महागडं काही घेऊ नका. पगार होतो तेव्हा परतण्याचा सगळ्यात सोपा मार्ग खरेदी हा वाटतो. टॅबलेट, परदेशी रंग, कंडेन्सर माइक. मग त्या किमतीचं दडपण येतं आणि पुन्हा वसुली सुरू होते. नवी पेठेत मिळणारी साधी वही आणि एक पेन्सिल पुरते. वही खराब झाली तर वाईट वाटता कामा नये, एवढीच तिची पात्रता.

दमायच्या आधी थांबा. गळा असो, मनगट असो, बंद असलेले स्नायू पहिल्या आठवड्यात उत्साहानं दुखावतात. पंधरा मिनिटांनी, अजून करावंसं वाटत असताना उठा. उद्या बसायला तेच वाटणं कामी येतं. आणि उद्या नाही जमलं तर परवा.

सुरुवातीचे काही महिने पोस्ट करू नका. ज्या क्षणी पोस्ट होतं त्या क्षणी ते मोजलं जातं. एखाद्या माणसाला दाखवा. असा माणूस शोधा जो 'किती दिवस झाले' असं न विचारता 'हा हात असा का काढलास' असं विचारेल. लेझीमच्या रांगेसारखी रांग नाही मिळाली तरी शेजारी उभा राहणारा एक जण लागतोच.

आणि चौकोनांचं ते ॲप काढून टाका. हे मी त्याच धंद्यात पगार घेऊन सांगतोय.

एवढं करून मोठा कलावंत होता येतं का? बहुधा नाही. या लेखाचा तो विषयही नाही. मोठं होण्यासाठी लागणारं वेड, वेळ, गुरू आणि नशीब यांचा हिशेब वेगळा आहे. ज्यांना सुरेल गाणी आपल्या स्वयंपाकघरात गुणगुणायची आहेत, ज्यांना घरातल्या माणसांचे चेहरे एकदा स्वतःच्या हातानं काढून बघायचे आहेत, त्यांच्याबद्दल मी बोलतोय. अशी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना कलेतून हाकलण्याचं काम आळसानं जेवढं केलं नाही, तेवढं 'रोज' या शब्दानं केलंय.

आमच्या भागातला विणकर तुटलेल्या धाग्याचं काय करतो, ते बघण्यासारखं आहे. चालू मागावर ताण्यातला धागा तुटतो. तुटतोच, दिवसातून अनेकदा. तो माग थांबवतो, टोक शोधतो, गाठ मारतो, धागा ओवतो आणि माग चालू करतो. तुटला का म्हणून धाग्याला कुणी विचारत नाही. आतापर्यंत विणलेलं कापड कुणी उसवत नाही. गाठ कापडात राहते, जवळून पाहिलं तर बोटाला लागते, आणि चादर ऊब देते.

तुमची वही कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे. गाठ मारा.